नानांच्या गाडीचा जांभळा रंग

आमच्या ग्रुपात माणसं चारच, पण कुणी पाहुणा येऊन बसला की त्याची एसटी चुकते, इतके किस्से निघतात. आम्ही रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल गाड्या पळवतो. खेळण्यातल्या नव्हेत हं! ह्यांना खरे शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात, खऱ्या बेअरिंग असतात आणि हौशी माणसाच्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत पार्ट असतात. अलीकडचे सगळे किस्से मात्र नानांच्या एकाच गाडीवरून झाले.

नाना मिलिटरीतून रिटायर होऊन वडूजजवळ मळ्यात राहतात. त्यांच्या गाडीचे चारही आर्म, म्हणजे चाकं धरून ठेवणारे दांडे, जांभळे. असा जांभळा की उन्हात धरला तर बघतच राहावं. दिवाळीच्या आधी आम्ही मळ्यावर गेलो, तर गाडी काळीकुट्ट! चाकं सोडून सगळी.

"नाना, हे काय?"

नानांनी घराच्या दाराकडं मान वळवली. नानांच्या बायको, सुमनकाकू, कौतुकानं पुढं आल्या. "गेटला रंग देत हुते. म्हनलं हेबी लोखंड गंजायचं. दोन हात मारले!"

अ‍ॅल्युमिनियम, काकू! गंजत नाही ते! असं ओठावर आलं होतं. पण काकूंना काय सांगणार? त्यांनी प्रेमानंच केलं होतं.

आता गंमत अशी, की तो जांभळा रंग वरून लावलेला नसतो. त्याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. धातूच्या वरच्या थरातच तो मुरवलेला असतो. घासला की गेला तो कायमचा. म्हणजे वरचा काळा काढायचा आणि खालच्या जांभळ्याला धक्का लावायचा नाही. नानांनी त्या दिवसापासून काकूंशी बोलणं सोडलं. "जांभळा दिसंस्तवर मी न्हाई बोलनार," असं आम्हाला सांगितलं. काकूंना सांगायला मलाच पाठवलं. काकू दारातच उभ्या होत्या!

*

पहिला आर्म आमच्यातल्या सलीमनं नेला. सलीमचं विट्यात गाड्यांना रंग मारायचं गॅरेज आहे, हात असा की डेंट कुठं होता ते मालकालाही सापडू नये. त्यानं आर्म थिनरमध्ये भिजवला, मऊ ब्रशनं हळूहळू पुसला आणि ग्रुपवर फोटो टाकला. जांभळा! अगदी होता तसा! नानांनी फोटोला सॅल्यूट टाकला.

दुसऱ्या दिवशी मी आर्म आणायला गेलो. सलीमनं कागदात गुंडाळून दिला. उघडला, तर राखाडी!

"सलीम, हे रं काय?"

त्यानं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "रंगाच्या आधीचा प्रायमर मारला का काय मी? रंग निघाला की हात आपोआप स्प्रे गनकडं जातोय गड्या!"

माणूस स्वतःच्याच हाताकडं असा बघत होता, जणू तो हात दुसऱ्याचा आहे. मग पुन्हा थिनर, पुन्हा ब्रश. ह्या वेळी मी शेजारी बसून त्याची स्प्रे गन मांडीखाली धरली होती.

*

नाना-काकूंचा अबोला तर वाढतच चालला. एकदा दुपारी विट्यातल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक मोबाइल उघडून बसलो होतो, तर नानांचा फोन.

"काकूला फोन लाव. म्हनावं आमटीत मीठ न्हाई."

"नाना, काकू कुठायत?"

"ह्या काय, म्होरंच बसल्यात. वाढत्यात."

मी विट्याहून फोन लावला! काय करणार? काकूंनी उचलला, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, मीठ त्यांच्या ताटातच हाय. डोळं उघडून बघा म्हनावं." मागून नानांचा खोकला ऐकू आला. हसू येत होतं, पण खरं सांगतो, फोन ठेवल्यावर तो उघडलेला मोबाइल मी तसाच बाजूला सारला. म्हातारपणी दोघंच मळ्यावर, आणि मधे मी!

*

दुसरा आर्म मागून घेतला प्रतापनं. प्रताप कऱ्हाडकडच्या एका साखर कारखान्यात फिटर. उसाचा रस उकळून नळ्यांच्या आत जो थर बसतो, तो कॉस्टिक सोड्यानं काढतात. त्यामुळं प्रतापचा ठाम विश्वास की जगात जे काही चिकटतं ते कॉस्टिकनं निघतं.

"थिनर कसला घिऊन बसलाय? आमच्यात धा मिंटात साफ!"

त्यानं आपल्या घरच्या अंगणात पातेल्यात पाणी घेतलं, कॉस्टिक टाकलं, आर्म सोडला. फसफस सुरू झाली. प्रताप खूश. "बघा, रंग सुटाय लागला!" फसफस वाढली. वाफ यायला लागली, डोळे चुरचुरायला लागले. आम्ही पळत गोठ्यामागं गेलो.

शांत झाल्यावर येऊन बघतो, तर काळा गेला होता, जांभळाही गेला होता. आर्म पांढराफटक आणि निम्मा झिजलेला. पातेल्याच्या बुडाला भोक! पातेलंही अ‍ॅल्युमिनियमचंच होतं, आणि कॉस्टिक तो धातूच खाऊन टाकतं. कारखान्यातल्या नळ्या त्या जातीच्या नसतात, हे ह्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

तेवढ्यात प्रतापची बायको बाहेर आली. पातेलं उचलून भोकातून पलीकडं बघितलं. "दुधाचं हुतं," एवढंच म्हणाली. प्रतापचं तोंड त्या आर्मपेक्षा पांढरं पडलं.

*

नानांना कोण सांगणार? शेवटी तिघंही गेलो. नानांनी सतरंजी अंथरून गाडीचे पार्ट ओळीनं मांडले होते, मिलिटरीतल्या किट इन्स्पेक्शनसारखे. पांढरा आर्म हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. आम्ही सावधानमध्ये उभे.

"ह्यो शहीद झाला," नाना म्हणाले आणि तो सतरंजीच्या कडेला वेगळा ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

उरलेले दोन सलीमनं मळ्यावर बसूनच साफ केले, गन विट्यात ठेवून. चौथ्या जागी मी जुन्या गाडीतला काळा प्लास्टिकचा आर्म बसवला.

*

गाडी जोडून झाली तेव्हा ऊन कलतं होतं. तिन्ही आर्म असे चमकत होते की सलीमनं डोळे पुसले. खळ्यावर गाडी ठेवली. खळ्याच्या पलीकडं विहीर, तिला कठडा नाही. नाना बाजेवर रिमोट ठेवून टायर तपासायला वाकले. काकू भडंग घेऊन आल्या होत्या.

जांभळा दिसला होता. आम्ही सगळे नानांच्या तोंडाकडं बघत होतो. नाना काकूंच्या हातातली ताटली घेतात आणि आमच्याकडं बघून म्हणतात, "तिला सांगा, मस्त झालीया!"

काकूंनी ताटली सोडली, बाजेवरचा रिमोट उचलला आणि गाडी पळवायचा ट्रिगर दाबला.

गाडी सुटली! सरळ विहिरीकडं! आम्ही जागच्या जागी गार. प्रतापच्या तोंडात भडंग तसाच. काकू गाडीकडं बघतच नव्हत्या. नानांकडं बघत होत्या.

"नाना, सांगू का काकूंना?" मी ओरडलो.

"सुमन!" नाना किंचाळले. "सुमन, ट्रिगर सोड! आगं सोड की सुमे!"

काकूंनी ट्रिगर सोडला. गाडी विहिरीच्या तोंडाशी थांबली, पुढची चाकं काठाबाहेर मोकळी फिरत होती.

काकूंनी रिमोट बाजेवर ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आवं, चा ठिवू का?"