ओसरीतली जळकी मोटर

अगं, जवळ सरक जरा. दिवाळीपासून या आत्याची आठवण नाही होय तुला?

सोनई गावातल्या माझ्या घरातल्या भाडेकरूंची पाण्याची मोटर जळाली. मी नवी बसवली, हळदकुंकू लावून नारळ फोडला. जुनी मात्र ओसरीत जपून ठेवली. आयकरवाले खर्चाचा पुरावा बघायला आले तर? दारात गाडी थांबली की माझा जीव खालीवर व्हायचा. शेवटी कर सल्लागाराकडं गेले.

तो हसला. "मावशी, भाड्यातनं दुरुस्तीपोटी शंभराला तीस रुपये सरसकट करातनं सुटतात. मोटर जळो नाहीतर चालो, वेगळं काही मिळत नाही. तिला बघायला कोण येतंय?"

तरी भंगारवाला आला की माझी जीभच उचलत नाही. तुझे आतोबा रोज तिला ठेचकाळतात अन् मला बोलतात. आता आलीच आहेस बाई, तर तुझ्या हातानं दे ती भंगारवाल्याला.