पाणी मागाय आलेली सिस्टर

त्या दुपारी बिरोबाच्या देवळात कोण कोण हुतं ते आदी सांगती, म्हंजी म्हातारीनं रचून सांगितलं असं कुणी म्हणाय नगं. भाईरच्या पायरीवर आमचं मालक बसल्यालं. आत त्यांचा धाकटा भाऊ म्हाळाप्पा, माझा दीर, समईत तेल घालत हुता. माझी सून कमल मंडप झाडत हुती. मी खांबाला टेकून उभी. मागनं आली ती ज्योती सिस्टर आन तिचा जीपवाला. एवढी माणसं. देव तर हुताच.

मला लिहाय येत न्हाई. मी बोलती आन कमल लिहिती. आमचं गाव आटपाडीच्या पुढं, माळावर. जलम सगळा मेंढरामागं गेला. दुष्काळात कळप घिऊन चालत निघायचं, पाऊस पडला की माघारी. एक लेकरू वाटंवरच गेलं, तितंच पुरलं आन दुसऱ्या दिशी पुढं चाललो. मला रडायची सवय न्हाई. पर मालकास्नी त्या पायरीवर बसल्यालं मला बघवायचं न्हाई.

झालं आसं. मालकास्नी लघवी तटाय लागली, हुता हुईना. मिरजंच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, त्यांनी तपासून सांगितलं, प्रोस्टेटच्या गाठीचा कॅन्सर हाय, पर येळंवर आलाय. आपरेशन करून गाठ काढली. तवा एक डॉक्टरीणबाई आली आन म्हणाली, "काका, ह्या गाठीचा बारका तुकडा आमी ठिवू का? त्यातल्या पेशी जित्या ठिवून बघायच्यात, कशानं वाढत्यात आन कशानं थांबत्यात." मालक म्हणलं, "ठिवा की. माझ्या काय कामाची ती? तुमास्नी काय उमगलं तर पुढच्याचं भलं हुईल." अंगठा दिला आन आमी घरी आलो.

काय दिसांनी दवाखान्यात जाऊन लघवीला लावल्याली नळी काढून आलो आन तितनं खरा तरास सुरू झाला. खोकलं की थेंब, उठलं की थेंब, कोकरू उचललं की धोतर वलं. दवाखान्यात सांगितल्यालं, काय महिनं आसं हुतंय, त्याला व्यायाम हाय. पर मालकांनी लाजंनं मान खाली घातल्याली, एक शबूद कानात गेला न्हाई. वर आमचा जुना फोन बंद पडला, नंबरच बदलला.

देवाची पूजा आमच्या घराण्यात हाय. त्या साली पाळी आमची. आन ह्ये काय आत जाईनात. "वल्या धोतरानं देवाला शिवू व्हय?" म्हणायचं आन पायरीवर बसायचं. आत म्हाळाप्पा पूजा करायचा, भाईर ह्ये हात जोडायचं. चाळीस-पन्नास वर्सं ज्या हातानं देवाला भंडारा लावला, त्ये हात मांडीवर नुसतं पडल्यालं.

मग त्यांनी मनानंच एक अक्कल काढली. आमचा मुलूख कोरडा. टँकर आला तर पाणी, न्हाई तर न्हाई. एका तांब्यात तोंड धुवायचं, खाली पडंल त्ये मिरचीच्या रोपाला. पाणी तोडून ऱ्हायाची सवय अंगात मुरल्याली. मालकांनी इचार केला, घागरीत न्हाईच तर गळंल कशातनं? गोळीपुरता घोट घ्यायचं, बाकी तहान मारायची. मला वाटलं, देवाचा काय तर नेम धरलाय. उन्हाळा तापल्याला आन माणूस आतनं वाळत चालल्यालं. अंगात कणकण, डोळं लाल. मी इचारलं तर म्हणायचं, "ऊन लय हाय, दुसरं काय न्हाई."

त्या दुपारी म्हाळाप्पा आतनं म्हणला, "दादा, जत्रा तोंडावर आली. आत येणार नसलास तर पाळी मलाच दिऊन टाक कायमची. लोकं मला इचारत्यात, तुजा दादा देवावर रुसलाय काय?" मालकांनी धोतराचा सोगा मांडीवर वडून घेतला. म्हाळाप्पा वाईट न्हाई, पर बोलणं त्याचं कुऱ्हाडीवानी. मी खांबापाशी उभी हुती. देवाकडं बघून मनात म्हणलं, बिरोबा, ह्या माणसाला आत घे. आत घ्यायचा नसंल तर तू भाईर ये. एवढंच म्हणलं. नवस न्हाई, काय न्हाई.

तवर जीप वाजली. धुरळ्यातनं एक बाई उतरली, पांढरा कोट, तोंडाला रुमाल. "आवं काकी, वाईच पाणी मिळंल का? बाटली सपली आन ह्येनं रस्ता बी चुकवला."

जीपवाला मागनं म्हणला, "मी न्हाई चुकलो मॅडम, मोबाईल चुकला."

"मोबाईलला हात हायत व्हय? गाडी तूच चालवत हुतास न्हवं?"

दारात आल्याल्याला पाणी दारातल्यानंच द्यायचं. मालक उठलं, तांब्या घेतला, तिच्या वंजळीत पाणी वतलं. ती पोटभर प्याली आन म्हणाली, "काका, तुमी बी घ्या की." मालक म्हणलं, "नगं." ती तितंच थांबली. त्यांच्या फुटल्याल्या व्हटाकडं बघितलं, हात धरला, मनगटावरची कातडी चिमटीत उचलून सोडली. कातडी तशीच उभी ऱ्हायली. "अंग भाजतंय तुमचं. लघवी कशी हुतीया?"

देवाच्या दारात परक्या बाईनं आसं इचारल्यावर मालकांनी तोंड फिरवलं. कमल झाडू टाकून म्हणाली, "मामंजींचं मिरजंला प्रोस्टेटचं आपरेशन झालंय."

ती बाई मटकन पायरीवरच बसली. "आटपाडीकडचं ते धनगरकाका तुमीच? आवं, फोन लावून लावून बोटं दुखली माझी!" मग समजलं, ती त्याच दवाखान्यातली. आपरेशन झाल्याली माणसं घरी गेल्यावर कशी सावरत्यात, नर्सनं त्यास्नी काय शिकवलं म्हंजी लवकर सावरत्यात, ह्येचा अभ्यास चालल्याला. त्यापायी गावोगाव फिरत हुती. आमचा पत्ता लागंना म्हणून नाद सोडल्याला. चालली हुती भलत्याच गावाला. मी देवाकडं बघितलं न्हाई, बघायची छातीच झाली न्हाई.

पाणी का तोडलं, ह्ये मालकांनी हळूच सांगितलं. आयकून ती कावली. "काका, तुमच्या गाठीच्या पेशी तिकडं काचंच्या बशीत हायत. त्यास्नी जगवाय येळच्या येळी औषिदाचं गुलाबी पाणी बदलून द्यावं लागतंय, एक दीस चुकवून चालत न्हाई. त्या रोगाला आमी सुकू दीना, आन तुमी आख्खा माणूस वाळत घातलाय?"

मालक हसलं. आपरेशनपासनं पैल्यांदा. दात न्हाईत तोंडात, पर काय हसलं! आन तांब्या तोंडाला लावला.

तिनं येळ घालवला न्हाई. पाणी तोडल्यानं लघवीत जंतू झाल्याती म्हणली. आमी सगळी जीपमंदी, म्हाळाप्पा सुदीक, उघड्या अंगानंच. मिरजंला सलाईन लावली, औषिद दिलं, ताप उतरला. मग सिस्टरनं व्यायाम शिकवला. "काका, चारचौघात वारा सुटाय आला तर कसं आवळून धरता? तसं आवळा. उठायच्या आदी, खोकायच्या आदी, कोकरू उचलायच्या आदी." आन पाणी दिसभर थोडं थोडं प्यायचं. मालक मेंढरामागं चालता चालता आवळायचं. थेंब कमी कमी हुत गेलं. पुरतं कोरडं आजून बी न्हाईत. सिस्टरनं लावाय पॅड दिलं. मालकांनी इचारलं, "ह्ये लावून देवाला शिवलं तर चालंल काय?" ती म्हणली, "त्ये देवाला इचारा. मी नर्स हाय."

जत्रंच्या सकाळी ढोल वाजाय लागला. मालक पायरीशी थांबलं. म्हाळाप्पा आतनं म्हणला, "दादा, थांब, फूल लावून कौल घेतो. देव काय म्हणतोय बघू." मी पदर घट्ट धरला. कौल उलटा पडला तर?

मालक म्हणलं, "कौल नगं. त्यानं मला पाणी पाजलंय. आता आनखी काय इचारू?" आन उंबरा वलांडून आत गेलं. दोनी हातानं भंडारा घेतला, देवाला लावला. भाईर एकच गलका झाला, पिवळा धुरळा उडाला, म्हाळाप्पा भावाच्या गळ्यात पडून पोरावानी हुंदकं दिऊ लागला. माझ्या बी डोळ्याला पाणी आलं. सांगितलं न्हवं, सवय न्हाई. त्या दिशी आलं.

मी आडाणी. सिस्टर कुणी धाडली, त्ये मी सांगत न्हाई. पर आमी म्हणत हुतो देवाला वलं चालत न्हाई, त्ये आमीच म्हणत हुतो. त्यानं कवा म्हणलं? आपण आपल्या हातानं दार लावून घेतो आन म्हणतो त्यो आत घेत न्हाई. जसं हाय तसं जाऊन उभं ऱ्हावं. एवढंच मला कळलं. जत्रंनंतर म्हाळाप्पा चुलीपाशी येऊन हळूच म्हणला, "वैनी, मला बी रातचं सारखं उठाय लागतंय." दुसऱ्या दिशी त्याला बी मिरजंला नेलं. त्याचं साधं निघालं, गोळीवर भागलं.

तर वाचणाऱ्याला माझं एक मागणं हाय. तुमच्या घरात म्हातारं माणूस आसंल तर आजच त्याच्याजवळ बसा आन इचारा, लघवी नीट हुतीया का, पाणी पिताय का. त्यो लाजंल. तुमी लाजू नगासा.