भाचीची गादी

गजाला पहिल्यांदा मास्तरांच्या लक्षात आली ती एका फुटलेल्या माठामुळे. अकोल्याच्या जुन्या शहरातली नगरपालिकेची शाळा, चौथीचा वर्ग. मधल्या सुट्टीनंतर व्हरांड्यातला पाण्याचा माठ फुटलेला दिसला. मास्तर दारात येऊन नुसतं एवढंच म्हणाले, "अरे, हे काय झालं?" कोणी फोडला, असं त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतली एक किडकिडीत मुलगी ताडकन उभी राहिली.

"मुजम्मिलनं फोडला, सर."

सगळा वर्ग हसला. मुजम्मिल तिचा मोठा भाऊ, सहावीतला. तो त्या दिवशी शाळेत आलाच नव्हता. बापाबरोबर बाळापूरला कापूस आणायला गेला होता. मुलं हसत राहिली, पण त्या मुलीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ती मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. त्यांच्या हातांकडे बघत होती.

तिचे वडील अब्दुल रहीम हे पिंजारी. गाद्या, उशा, रजया भरून द्यायचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. माणूस दारूला शिवत नसे, गिऱ्हाइकाशी गुळासारखा गोड बोले. पण घरात काही सांडलं, फुटलं, हरवलं की त्याचा एक कायदा होता. दोन्ही लेकरांना समोर उभं करायचं आणि म्हणायचं, "जो आधी सांगंल तो सुटंल." मग जो आधी दुसऱ्याचं नाव घेई तो सुटे, आणि ज्याचं नाव येई त्याला मार बसे. खरं कोणी केलं, याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं. रजियाबी, म्हणजे आई, मध्ये पडली की मार वाढायचा. म्हणून तिनं मध्ये पडणं सोडलं आणि मुजम्मिल सातवी पास होताच त्याला अमरावतीला आपल्या भावाकडे नेऊन घातलं.

तो तिकडेच वाढला, गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकला, त्याचं स्वतःचं गॅरेज झालं. गजालाचं लग्न अकोल्यातच झालं. नवरा ट्रकवर. ती बापाच्या हाताखाली गादी भरायला शिकली आणि बापाच्या मागे दुकान तिच्याकडेच आलं. बापाच्या मय्यतीला मुजम्मिल आला, तीन मुठी माती टाकली आणि बहिणीच्या घरचं पाणीही न पिता परत गेला. त्यानंतर काही महिन्यांनी गजालानं बापाची कापूस पिंजायची जुनी धनुकली, तिची तात, म्हणजे आतड्याची चिवट दोरी, नीट ताणून, फडक्यात गुंडाळून, अमरावतीला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर भावाकडे पाठवली. बापाचं अवजार मोठ्या पोराच्या घरी जायचं, ही त्यांच्यातली रीत. त्या दिवसापासून भावानं तिचा फोन घेणं बंद केलं. काहून, ते तिला कळलं नाही. तिनं अंदाज बांधला : दुकान मला मिळालं म्हणून रागावला असेल.

अशी वर्षं गेली, आणि गजालाची मुलगी महेजबीन हिचं लग्न ठरलं.

आता त्यांच्या घराण्यात आणखी एक रीत होती. मुलीच्या रुखवतातली गादी बाजारातून आणायची नाही, बापानं भरायची नाही. ती मामानं भरायची. गजालाची गादी तिच्या मामानं भरली होती, रजियाबीची तिच्या मामानं. महेजबीनला मामा होता, अमरावतीत, चालता-बोलता. गजालानं मुलीच्या फोनवरून त्याला फोन लावला.

"गादी?" मुजम्मिल म्हणाला. "फोमची घे. आजकाल रेडिमेड भेटते. कापसाची कोण वापरते?"

"रीत आहे, भाई."

"तुले रीतीचा लय पुळका आहे." मग तो म्हणाला, "बोलायचंच असंल तर गुरुवारी राजापेठेत ये. तिथं एक नीलम मॅडम आहे. मी दर गुरुवारी जाऊन राहिलो तिच्याकडे. तिच्यासमोर बोलू."

"डॉक्टर आहे का?"

"डोक्याची."

गजालानं फोन ठेवला आणि आईला म्हणाली, "मले वेड्याच्या डॉक्टरकडे बलावून राहिला."

रजियाबी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जाय नं मंग. वेड्यावानीच तर वागून राहिले तुमी दोघं."

गजाला बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं गेली, पुढे ऑटोनं. एका दवाखान्याच्या माडीवर दोन खोल्या, खिडकीत तुळस, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. नीलम मॅडम वयानं गजालापेक्षा लहानच होत्या. मुजम्मिल आधीच येऊन बसला होता. दोघांमध्ये आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून गजाला बसली.

तो या खोलीत कसा पोचला, ते त्यानं त्या दिवशी मॅडमच्या सांगण्यावरून सांगितलं. घरात टीव्हीचा रिमोट फुटला होता. त्यानं आपल्या दोन्ही लेकरांना, अरीबला आणि धाकट्या खुशीला, समोर उभं केलं आणि आपल्याच तोंडून आपल्याच कानांनी ऐकलं : जो आधी सांगंल तो सुटंल. दोन्ही पोरांनी एका दमात एकमेकांचं नाव घेतलं. तो म्हणाला, "मी खालीच बसलो. बायको म्हणे, बीपी वाढला. बीपी-गिपी काही नोयता."

नीलम मॅडमचा नियम साधा होता. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं उत्तर देण्याआधी, समोरच्यानं काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत परत सांगायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. ऐकायला सोपं, पण गजालाला ते भरतकामापेक्षा अवघड गेलं.

"काय म्हणाले भाऊ?" मॅडमनी विचारलं.

"तो म्हणते, पोरांवर ओरडला. पण सगळेच ओरडतात, त्यात काय."

"शेवटचं वाक्य कोणाचं?"

"मायं," गजाला म्हणाली, आणि मुजम्मिल त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "लहानपणापासून असंच आहे, मॅडम. ह्या बाईले गप्प बसवलं की तिले ताप येते."

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी धनुकलीचा विषय निघाला. मुजम्मिल खिडकीकडे तोंड करून बोलला.

"हिनं मले ते धनुकली पाठवली. तात चढवून. त्याच तातीनं मारत होते अब्बा मले. तात सोडायचे अन् दुहेरी करायचे. ही दारात उभी राहून पाहायची. अन् मंग तेच नवं करून मले घरी पाठवते. मी समजलो, बरोबर आहे, अजून जीव भरला नाही हिचा."

परत सांगायचा नियम गजाला विसरली आणि मॅडमनीही आठवण करून दिली नाही.

"मले नाही माहीत," ती म्हणाली. "खुदा कसम, भाई. मी दारात नोयती. नाव सांगितलं की मी मागच्या खोलीत पळायची, कापसाच्या ढिगात डोकं खुपसायची. कानात कापूस कोंबायची. किती कोंबायची तर एकदा आत अडकला, मायनं चिमट्यानं काढला. अब्बा हातानं मारत, मी एवढंच समजत होती."

मॅडम मुजम्मिलला म्हणाल्या, "तुम्ही काय ऐकलं?"

त्याला ते जमेना. "ती म्हणते... ती म्हणते, दारात नोयती. कानात..." त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एवढं वाक्य पूर्ण करायला त्याला बराच वेळ लागला. मॅडमनी घाई केली नाही.

"पण नाव तर मीच सांगत होती," गजाला रडत म्हणाली. "दर वेळी मीच."

"मी बी तुयं सांगत होतो की."

"कधी?"

"मनात! तोतरा नोयतो का मी? ग-ग-ग करत राहायचो. मायं 'गजाला' निघेपर्यंत तू मुजम्मिल म्हणून मोकळी व्हायची."

हे ऐकून हसावं की नाही, ते गजालाला कळेना. पण तोच हसत सुटला आणि मग दोघं असे हसले की बाहेर बसलेल्या बाईनं दार लोटून आत डोकावलं. हसता हसता रडणं कुठं सुरू झालं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एवढ्यानं सगळं निस्तरलं असतं तर मॅडमची गरजच उरली नसती. पुढच्या खेपेला गजाला मोकळ्या मनानं आली आणि सहज बोलून गेली, "अब्बा इतके बी वाईट नोयते. मले शिकवलं, दुकान दिलं. ईदले बांगड्या आणत." मुजम्मिल उठला, चप्पल घातली आणि निघून गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी आला नाही. त्याच्याही पुढच्या नाही. लग्न जवळ आलं होतं. महेजबीनच्या सासरहून विचारणा झाली, सामान कधी पाठवता?

गजाला एकटीच राजापेठेत जाऊन बसली. "मी खोटं बोलली का?" तिनं मॅडमना विचारलं.

"नाही. तुमच्या वाट्याला आलेले अब्बा खरे. त्याच्या वाट्याला आलेलेही खरे. तुम्ही त्याचं ऐकता ऐकता आपलं सांगायला लागलात."

"शेवटचं वाक्य मायं," गजाला म्हणाली.

त्या दिवशी बडनेऱ्याच्या फलाटावरून तिनं भावाला फोन केला. तो उचलेल अशी आशा नव्हती, उचलला. ती म्हणाली, "तू म्हणाला, अब्बा तातीनं मारत. तात सोडत अन् दुहेरी करत. मी ऐकलं." जिभेवर पुष्कळ काही आलं होतं : गादीचं, लग्नाचं, आईच्या तब्येतीचं. तिनं ते गिळलं आणि फोन बंद केला. बोलायची सवय असलेल्या बाईला याहून मोठा उपास नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी ती दुकानाची फळी काढत होती तर मुजम्मिल समोर उभा. सलाम नाही, दुआ नाही.

"खोळ कुठं आहे?"

गजालानं लाल फुलांची खोळ पुढे केली. कापूस मशीनवर पिंजून आणलेला होता, पांढरा, हलका. दारातून आत येताना तो क्षणभर थबकला, त्यानं मागच्या खोलीकडे पाहिलं. मग बाह्या वर करून बसला. खोळ उलटी पसरायची, तिच्यावर कापसाचे सारखे थर द्यायचे, कापसासकट गुंडाळी करत जायचं आणि शेवटी ती खोळीच्या तोंडातून उलटवायची. हे काम एकट्याचं नाही. तो थर देई, ती कडा दाबून धरी. त्याचा हात विसरला होता. सात-आठ वेळा ती "असं नाही" म्हणायला निघाली आणि सात-आठ वेळा ओठ मिटून गप्प बसली.

रजियाबी बाजेवरून सगळं बघत होती. गादी उलटली तेव्हा म्हणाली, "डावा कोपरा पोकळ राह्यला."

"राहू दे, अम्मी," गजाला म्हणाली. "मामाचा कोपरा आहे."

मुजम्मिलनं शिवण उसवली, मूठभर कापूस आणखी कोंबला आणि कोपरा भरून काढला. मग टाके घालायला दोघं दोन बाजूंनी बसले.

"ते धनुकली," तो खाली मान घालून म्हणाला, "म्या बंबात घातली. पाणी तापवलं, आंघोळ केली."

"पाणी तापलं का चांगलं?"

"एक नंबर."

"मंग बरं केलं," गजाला म्हणाली.

तो दुपारी जेवला. वरण-भात, वांग्याची भाजी, आईच्या हातची नाही, बहिणीच्या हातची. मुक्कामाला मात्र राहिला नाही; त्या घरात रात्र काढणं त्याला अजून जमत नाही, हे त्यानं उघड सांगितलं आणि गजालानं आग्रह केला नाही. लग्नाला तो बायको-पोरांसह आला. महेजबीन गादीसकट सासरी गेली.

गजाला आजही दुकान चालवते. महिन्यातून एका गुरुवारी ते बंद असतं. त्या दिवशी ती भावाबरोबर नीलम मॅडमकडे जाते आणि दुपारचं जेवण त्याच्या घरी जेवते.