सव्वीस जानेवारीचा ढोल

परवा मुलीच्या शाळेत पालकसभा होती. एका गृहस्थांनी उठून सुचवलं, की बँडचा तास बंद करून त्या जागी गणिताचा घ्यावा, पोरांचं भलं होईल. पुष्कळ माना हलल्या. माझं डोकं फिरायला एवढं पुरे असतं. मी उठले आणि शिस्त, एकाग्रता, सगळं तावातावानं बोलून बसले. घरी आल्यावर मात्र वाटलं, खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून इथं लिहिते.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. गावच्या शाळेत बँड होता. बिगुल, छोटे ढोल, झांजा आणि एक मोठा ढोल. मोठा ढोल माझ्या गळ्यात आला, कारण वर्गात सगळ्यांत दांडगी मीच. राग यायला हवा होता. पण पहिला टोला मारला, तो आवाज पोटात घुमला आणि मी त्या ढोलाची झाले.

शिकवायला होते ते मास्तर लग्नाच्या बँडमधले, क्लॅरिनेट वाजवणारे. चातुर्मासात लग्नं नसतात, बँडवाल्यांना काम नसतं. तेवढे महिने ते आमचे. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली की गायब, पौषात लग्नं थांबली की पुन्हा हजर. आमच्या संगीताच्या तासाचं वेळापत्रक पंचांगावर चालायचं म्हणा ना.

पंधरा ऑगस्टला आम्ही मैदानावर निघालो आणि घोटाळा झाला. मास्तरांनी जन्मभर नवरदेव मिरवले होते. त्यांनी बसवलेल्या संचलनाच्या ठेक्यालाही वरातीची लचक होती, आणि आम्हाला तरी दुसरा ठेका कुठं माहीत? मागून येणाऱ्या मुलींच्या रांगा चालायच्या सोडून डुलायला लागल्या. झेंडावंदनाला आलेल्या पाहुण्यांचा खांदा हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. सगळं गाव खो खो हसलं. त्यातच कुणीतरी माझ्या वडिलांना ओरडून म्हणालं, "आबा, पोरीनं वरात काढली की!"

आबा म्हणजे ऊसवाले, कारखान्याचे सभासद, चारचौघांत मान असलेले. घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "बास झालं. आपल्या घरात कुनी वाजवत न्हाय. वाजवायला आपुन मानसं बोलवतो."

या वाक्यात कोण वर आणि कोण खाली, ते सगळं आलं. आज आठवलं की माझा संताप होतो. तेव्हा मला एवढंच कळलं, की माझा ढोल जाणार. मी दोन दिवस जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतः घरी आले. अंगणातच उभे राहिले. आईनं आग्रह केला तेव्हा ओट्याच्या कडेला टेकले. "आबा, चूक माजी हाय," ते म्हणाले. "मी दिलं तेच पोरांनी वाजवलं. मला सरळ चालीचं येत न्हाय. पर शिकतो. सव्वीस जानेवारीपातूर मुदत द्या."

आबांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "व्हय, दिली. त्या दिवशी मी मागनं चालत येतो. एक मानूस जरी हसला, तर परत ढोलाला हात लावायचा न्हाय."

मास्तर खरंच शिकले. गावात एक निवृत्त फौजी होते. मास्तर त्यांना शाळेच्या मैदानावर येरझाऱ्या घालायला लावायचे आणि स्वतः पायरीवर बसून त्यांच्या बुटांच्या तालावर टाळ्या द्यायचे. हात वरातीकडे वळला की स्वतःलाच शिवी हासडायचे. एवढा मोठा माणूस आमच्यासमोर चुकत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. शाळेत शिकवणारे मला पुष्कळ भेटले, शिकताना दिसले ते हेच एक.

आणि त्या वर्षी ऐन वेळी पौष लवकर संपला, लग्नं पुन्हा सुरू झाली. पंचवीस तारखेला मास्तर म्हणाले, "उद्या मला बावड्याला लग्न हाय. पोट हाय बाई, न्हाय म्हनता येत न्हाय. उद्या पोरं तुज्याकडं बघत्याल. तू कुनाकडं बघू नगं."

सकाळी प्रभातफेरी निघाली. पुढं आम्ही, मागं वर्ग, त्यामागं गावकरी आणि त्यांत आबा. मारुतीच्या चौकापर्यंत सगळं सुरळीत गेलं. पण गावातली प्रत्येक वरात त्या चौकात थांबते आणि नाचते. पारावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, "होऊन जाऊ द्या!" छोट्या ढोलांच्या हातांना तेवढंच हवं होतं. ठेका लचकायला लागला. जोरात बडवावं असं वाटलं, पण मास्तरांनी सांगितलं होतं, भांडायचं नाही, घाई करायची नाही, टोला जिथं पडायचा तिथंच पाडायचा. मी समोरच्या देवळाच्या कळसावर नजर ठेवली आणि तेवढंच केलं. एक टोला, मग दुसरा. हळूहळू एकेक छोटा ढोल परत माझ्या ठेक्यावर आला. पारावरची शिट्टी मधेच थांबली.

आज मी एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात पाळी सांभाळते. यंत्र अडतं, टँकर खोळंबतात, सगळे एकमेकांवर ओरडतात. मी आवाज चढवत नाही, हातातलं काम जागच्या जागी ठेवते, आणि बाकीचे ताळ्यावर येतात. लोक म्हणतात स्वभाव शांत आहे. मुळीच नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. ही मास्तरांची विद्या आहे, आणि तिचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत.

त्या सकाळी मात्र यातलं काही डोक्यात नव्हतं. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली. आबा पुढं आणि मी मागं, असे आम्ही कालव्याच्या कडेनं घरी निघालो. शेवटी मला राहवेना. "आबा, कुनी हसलं का?"

"माजं ध्यान न्हवतं," ते म्हणाले. थोडं चालून थांबले. "मी मुद्दाम पाय चुकवून बघत हुतो. लई बघितलं. ऐकंचना. जरा चाललं की पाय आपला तुज्या ढोलावरच पडायचा."

ते पुन्हा चालायला लागले आणि मागं न बघताच म्हणाले, "आन मास्तरास्नी माजा निरोप दे. म्हनावं, सव्वीस जानेवारीला दुसरीकडची सुपारी घ्यायची न्हाय. त्या दिवशी तुमी आमचं."