आधी बँड खाली

हेडफोनचा एक कप कानावर, दुसरा कानामागे आणि उजव्या हाताचं बोट वर. टेपवरचा बुजलेला आवाज शोधायला काका असे बसले की आम्ही कॅमेरावाले खुर्चीसुद्धा सरकवत नसू. बोट खाली आलं की ठरलेलं वाक्य यायचं, "आहे. फक्त दबलाय."

नाशकात रविवार कारंज्यावर काकांचं लग्नाच्या कॅसेटी एडिट करायचं दुकान होतं. त्या काळातल्या कॅसेटी तुम्हीही पाहिल्या असतील. वर सिनेमाची गाणी आणि खाली माणसं नुसती तोंडं हलवताहेत. काकांना त्याचा भारी राग. गाणी तेही घालत, पण माणूस बोलायला लागला की त्यांचं गाणं थांबायचं. कापायचे ते फक्त स्वतःला. शूटिंगला माइक धरून पाहुण्यांना "हं, बोला आता" म्हणायचे आणि एडिटिंगला बसले की पहिली कात्री त्यावरच. "लोकांच्या लग्नात माझं काय काम?" मूळ टेप पुसून तिच्यावर पुढचं लग्न चढायचं, तशी सगळीकडेच रीत होती.

एकदा घोटीहून एक बाई स्वतःच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. माहेर आडगावचं, फुलांची शेती. वडील जाऊन महिना झाला होता. पाठवणीच्या वेळी जीपच्या खिडकीशी वाकून ते काहीतरी बोलले, पण बँडमध्ये ऐकूच आलं नाही. त्या म्हणाल्या, "मी आपली मान हलवली. कशाला हो म्हटलं तेच ठाऊक नाय."

मी शहाण्यासारखा आवाज वाढवला. बँड कानात घुसला, खरखर वाढली आणि वडील होते तिथेच राहिले. काकांनी माझा हात बाजूला केला. "आधी बँड खाली. मग सगळ्यांना वर घेऊ." ढोलाचा एकेक ठोका शोधून त्यांनी खाली ओढला. त्या दहा सेकंदांना दोन दिवस लागले, आणि इकडे माझी तीन गिऱ्हाइकं खोळंबली म्हणून मी चिडलोही होतो.

बाई पुन्हा आल्या तेव्हा काकांनी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. वडील विचारत होते, "बाजाराच्या दिवशी आलो तुझ्याकडं, तर चालंल ना?"

बाईंनी हेडफोन काढून मांडीवर घेतला आणि सांगितलं. दर बाजाराला वडील फुलांचा पुडा घेऊन दारात यायचे, पाणी पिऊन निघायचे. "म्हणून येत होते होय," त्या म्हणाल्या. "आन् मी म्हणायची, कशाला हेलपाटा घालता." काका उठून उगाच वायरी गुंडाळत बसले.

पुढे काका वारले, तेव्हा त्या बाई फुलं घेऊन दुकानात आल्या. काकांचा आवाज कुठे आहे का, असं त्यांनी विचारलं. मी उरलेल्या कॅसेटी काढल्या. एक कप कानावर, दुसरा मागे. प्रत्येक लग्नात पाहुणे एकदम बोलायला लागत. त्याच्या आधी "हं" नाही, खोकला नाही, श्वाससुद्धा नाही. फार सफाईने कापायचे काका.

बाई समोर हालचाल न करता उभ्या होत्या. माझं बोट वर होतं आणि ते खाली आणायचा मला धीर होईना.