ओढ्यापलीकडचा कोको

बोआको गावच्या कोको खरेदीच्या शेडमध्ये अजोआ एकोणीस वर्षं वजनकाट्याशी बसत होती. जंगल राखा, सावलीची झाडं लावा, असे फलक कंपनीनेच भिंतीवर लावले होते. ते पाळत मात्र कुणी नव्हतं, कंपनीही नाही. गिऱ्हाईक विचारत नाही तोवर कशाला खटाटोप, असं कुमासी शहरातले कंपनीचे मालक म्हणायचे. मग युरोपातल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. जंगल तोडून लावलेला कोको नको, मळ्यामळ्याचा नकाशा पाठवा. पाच आठवड्यांत अजोआच्या हातात फोन आला, पायात गमबूट आले. मळ्याच्या बांधाने चालायचं, फोन नकाशावर रेघ ओढायचा. मळा जंगलाच्या हद्दीत शिरला की रेघ लाल, नाहीतर हिरवी. हिरवी आली तर माल घ्यायचा, लाल आली तर नाही.

दोनशे मळे चालून झाल्यावर आका मामाचा मळा आला. आई गेल्यावर ह्याच मामाने तिला वाढवलं होतं. तो कोयत्याने गवत सपासप उडवत पुढे चालला होता. ओढ्यापाशी थांबला. पलीकडे जंगल खात्याचे हद्दीचे दगड होते आणि त्यांच्याही पलीकडे मामाने तरणेपणी लावलेली झाडं. इथूनच मागे वळलं असतं तर निम्मा मळा तरी हिरवा निघाला असता. मामा तिच्याकडे बघत राहिला. अजोआने ओढा ओलांडला. का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"काय म्हणतोय फोन?" मामाने विचारलं.

"लाल."

"सगळाच?"

"एक मळा म्हणजे एकच रेघ, मामा. तुझा माल आता मला घेता येणार नाही."

मामाने कोयता गवताला पुसला. "चल, फुफू खाऊन जा."

कुटलेल्या कंदांचा गोळा मोडत ती जेवली. पाम-फळांच्या रश्शाला चव होती की नव्हती, तिला कळलं नाही.

हंगामात मामा शेडकडे फिरकला नाही. शेजारचा मेन्सा मात्र त्याच्या मळ्यात पिकणं शक्य नाही इतकी पोती घेऊन आला. त्यातल्या तीन पोत्यांची तोंडं मामाच्या गाठीने बांधलेली होती. मेन्साने खाली मान घातली. कंपनीचे बेडियाको साहेब दारातच उभे होते. त्यांनीही पोती मोजली होती. ते म्हणाले, "मेन्साचा मळा हिरवा आहे ना? मग घ्या."

अजोआने पोती काट्यावर चढवली, वजन लिहिलं, हिरव्या चिठ्ठ्या शिवल्या. मग पुढच्या माणसाला हाक मारली.