गाडीतली दुसरी बॅटरी

चाकणच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं हार्नेसच्या लाइनवर होते. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगभर फिरणाऱ्या तारांचा जुडगा. समोर फळी, फळीवर खुंट्या, खुंट्यांवरून तारा ओढायच्या, टोकांना कनेक्टर दाबून बसवायचे आणि वरून टेप गुंडाळायची. आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच होत्या. मग ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली. गुरुवारची सुट्टी उरकून आम्ही शुक्रवारी आलो, तर गेटवर कामावरून कमी केलेल्यांची यादी लागलेली. माणसं भरणारा साहेब खुर्चीतून न उठताच म्हणाला, "तुमच्या कामाला काही शिक्षण लागत नाही. कुठंही मिळेल तुम्हाला."

मी कुठंही गेले नाही. हिशेबाचे पैसे हातात आले तेव्हा एक जुनी व्हॅन घेतली, मागची सीट काढली आणि तिथं टेबल, कॉम्प्युटर आणि प्रिंटर बसवला. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचे, हा माझा धंदा. नवरा कंपनीची बस चालवतो. तो म्हणाला, "अगं, चऱ्होलीत दुकान टाक की. नव्या सोसायट्या झाल्यात, गिऱ्हाईक घरबसल्या येईल."

पण मला गेटवरच जायचं होतं. कंत्राटी माणसाची शिफ्ट आणि सरकारी कचेरीची वेळ एकच असते. दाखला काढायचा, नावातली चूक दुरुस्त करायची, पोरांचा प्रवेश अर्ज भरायचा, तर त्याला खाडा पडतो. म्हणून मी आमच्याच जुन्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला व्हॅन लावायला लागले. तीनला पहिली शिफ्ट सुटली की लोक यायचे.

अडचण विजेची होती. कॉम्प्युटर व्हॅनच्याच बॅटरीवर, छोट्या इन्व्हर्टरमधून चालायचा. इंजिन बंद ठेवलं तर तासाभरात बॅटरी मान टाकायची. चालू ठेवलं तर धूर आणि आवाज, आणि गेटवरचा सिक्युरिटीवाला तक्रार घेऊन हजर.

एके दिवशी कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक बाई आल्या. वयानं माझ्याहून मोठ्या, नवरा गेलेला, एकच मुलगी. मुलीला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा होता आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. बाई ओढणीत गुंडाळून गुणपत्रिका घेऊन आल्या होत्या. मी सगळी माहिती भरली, फोटो चढवला, तेवढ्यात इन्व्हर्टर पिपाणीसारखा ओरडायला लागला. बॅटरी उतरली होती. मी घाईघाईनं पुढं जाऊन सेल्फ मारला. सेल्फ एकदम इतका करंट ओढतो, की उरलीसुरली बॅटरीही बसली. इंजिन नुसतंच टक् टक् करत राहिलं आणि मागं कॉम्प्युटर काळा पडला. अर्ज गेला.

बाई गुणपत्रिका पुन्हा ओढणीत गुंडाळायला लागल्या. ते बघून माझं डोकं सणकलं.

"गुंडाळू नका," मी म्हणाले, "अजून चाळीस मिनिटं आहेत."

शिफ्ट सुटून आलेल्या आठ-दहा जणांनी व्हॅन ढकलली. इंजिन लागलं. मी ते चालूच ठेवून पहिल्यापासून अर्ज भरायला घेतला. सिक्युरिटीवाला आला. "ताई, इंजिन बंद करा. साहेब ओरडतायत."

"साहेबांना सांगा, पाच वाजता बंद करते."

थोड्या वेळानं साहेब स्वतःच आला. तोच, यादीवाला. "पुन्हा ही धुराडी इथं दिसली तर पोलिसांना बोलवीन," म्हणाला. मी मान वर केली नाही, कारण मला जन्मतारीख टाकायची होती. पाचला दहा कमी असताना अर्ज गेला. पावती छापून मी बाईंच्या हातात दिली आणि मग इंजिन बंद केलं.

घरी नवऱ्याला म्हणाले, "दुसरी बॅटरी बसवायची. गाडीची गाडीला, कॉम्प्युटरची कॉम्प्युटरला."

दुसऱ्या दिवशी चाकणच्या बाजाराजवळच्या गॅरेजात गेले. मिस्तरी जुना गावातला माणूस. माझं ऐकून हसला. "ताई, ह्ये बायामानसाचं काम न्हाई. गाडी हितं सोडा, सांजच्याला घिऊन जावा."

"कसं जोडणार ते आधी सांगा."

"सोपं हाय की. मधी रिले, म्हंजी आपसूक जोडनारा खटका टाकायचा, चावीवर घ्यायचा. चावी फिरवली की दोनी बॅटऱ्या येक."

"मग सेल्फ मारताना पण एकच राहणार," मी म्हणाले. "सेल्फ दोन्हीतून ओढणार आणि माझा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडणार. रिलेची तार बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या दिव्यावरून घ्या. इंजिन लागून चार्जिंग सुरू झालं, की मगच दोन्ही जोडल्या जातील. इंजिन बंद झालं, की आपोआप सुटतील."

मिस्तरी हसायचा थांबला. डोकं खाजवत बॉनेटखाली बघत राहिला. "व्हय की," म्हणाला. मग, "कुठं शिकला?"

"या गाड्यांच्या पोटात ज्या तारा आहेत ना, त्या माझ्यासारख्या बायकांनीच ओवल्यात."

त्यानं पाना माझ्याकडं सरकवला. सीलबंद बॅटरी मी ड्रायव्हरच्या सीटमागं पट्ट्यानं आवळून बसवली, जाड केबल पायाखालच्या रबरी चटईखालून नेली. दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरावर एकेक फ्यूज टाकला. तो नसता आणि केबल कुठं घासली असती, तर गाडीच पेटली असती. पत्र्याला अर्थ जोडायच्या जागी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला. मिस्तरी लागेल ते हत्यार हातात देत राहिला. एकदाच म्हणाला, "केबलच्या टोकाचा लग जरा आवळून दाबा," आणि त्याचं बरोबर होतं. मी पुन्हा दाबला.

सेल्फ मारून बघितला. मागं स्क्रीनवर काहीच झालं नाही. नुसती हललीसुद्धा नाही. मी चार वेळा सेल्फ मारला, गरज नसताना. लाइन गेल्यापासूनच्या दोन वर्षांत मला एवढा आनंद झाला नव्हता.

शुक्रवारी पुन्हा त्याच जागी व्हॅन लावली आणि इंजिन बंद केलं. दारापाशी रांग लागली. प्रिंटरची करकर सोडली तर कसलाही आवाज नव्हता. साडेतीनला साहेब आलाच. त्यानं सायलेन्सरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मागच्या वेळी सांगितलं होतं ना?"

"धुराचं सांगितलं होतंत. धूर कुठाय?"

"कंपनीच्या समोर हा बाजार नको."

"रस्ता कंपनीचा नाही, साहेब. नो पार्किंगची पाटी असेल तर दाखवा, आत्ता निघते."

रांगेतले लोक खाली बघत होते. त्यांना त्याच गेटातून उद्या आत जायचं होतं, मला नव्हतं. मला कुणाच्या यादीची भीती उरली नव्हती, हे त्याच्याशी बोलता बोलताच मला कळलं.

त्यानं खरंच फोन केला. तासाभरानं मोटारसायकलवर एक हवालदार आले. मी व्हॅनची कागदपत्रं दाखवली. त्यांनी आत डोकं घालून टेबल, बॅटरी, फ्यूज सगळं बघितलं. साहेबाचं ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, वाद नको. गेटच्या तोंडासमोर नको, दहा पावलं पुढं घ्या. कंटेनर वळायला जागा राहील." कंटेनरचं त्यांचं म्हणणं खरंच होतं.

साहेब हात बांधून उभा होता. मी जाणार, अशी त्याची खात्री होती. मी खाली उतरले आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं मोजत दहा पावलं चालले. जिथं दहावं पडलं तिथं एक दगड ठेवला. परत येऊन व्हॅन सुरू केली आणि पुढचं चाक बरोबर त्या दगडाला लावून थांबवलं. रांग कुणी न सांगता दहा पावलं पुढं सरकली.